तळ्यातल्या बाभळीची चकती

आमच्या टीव्हीच्या शोकेसवर गणपती आहे, माझ्या लग्नातला फोटो आहे, आणि मधोमध तडकलेली एक लाकडाची चकती आहे. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, हे काय, पोळपाट आहे का. आईचं उत्तर ठरलेलंय, "पोळपाट असतं तर चपात्या तरी लाटल्या असत्या." मी काही बोलत नाही, कारण सांगायला बसलं की अर्धा तास जातो आणि तोपर्यंत चहा गार होतो. म्हणून इथे लिहून टाकतेय, पुढच्या वेळी लिंक पाठवून देईन.

तर झालं असं की २०२३ च्या उन्हाळ्यात, वळवाचा पाऊस झाला त्या रात्री, मामाच्या गावातली तळ्यातली बाभूळ पडली. मामाचं गाव मोहोळ तालुक्यात, सीनेच्या अंगाला. तळं म्हणजे पाझर तलाव, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायची आणि माती उचलायची जी कामं निघाली त्यातला. आजीने तिथे मातीच्या पाट्या टाकल्यात, त्यामुळे आमच्या घरात त्या तळ्याला "आपलं तळं" म्हणतात, सात-बारा कुणाचाही असो. तळ्याच्या पोटात चार-पाच गावठी बाभळी होत्या. गावठी म्हणजे खरी बाभूळ, पिवळी गोंड्यासारखी फुलं येणारी आणि शेळ्यांना शेंगा आवडणारी, ती रस्त्याच्या कडेने माजलेली वेडी बाभूळ नव्हे, दोन्हीत गल्लत करू नका, मामा चिडतो. त्यातली सगळ्यात मोठी पडली. मुळं वर आली तर काय, काळी, गुळगुळीत आणि गटारीसारखा वास.

मामाचा फोन आला, "आगं, तळ्यातली बाभळ पडली की. औताला, खुट्ट्याला लाकूड होईल, लई जुनं हाय." मी म्हटलं मामा, मला खोडाची एक चकती ठेवा. "कशाला?" म्हटलं वर्तुळं मोजायचीत. पलीकडून थोडा वेळ काहीच नाही. मग, "बरं."

आता मी काही शास्त्रज्ञ वगैरे नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते. पण त्या वर्षी मार्च एंड संपल्यावर रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर वाचत बसायचे आणि कुठून कुठे जात त्या अमेरिकेतल्या दलदलीतल्या झाडांवर पोचले. सायप्रस. आपल्याकडे बागेत लावतात तो उभा सुरूसारखा सायप्रस नाही, हा वेगळा, बाल्ड सायप्रस, कमरेएवढ्या काळ्या पाण्यात उभा असतो आणि त्याच्या मुळांतून पाण्याच्या वर गुडघ्यांसारखे खुंट येतात. ते गुडघे कशासाठी, यावर अजूनही वाद आहे. नॉर्थ कॅरोलिनात ब्लॅक रिव्हर नावाची नदी आहे, तिथल्या दलदलीत डेव्हिड स्टॅल नावाच्या संशोधकाच्या टीमला एक झाड सापडलं, २०१९ मध्ये त्यांनी जाहीर केलं, वय कमीत कमी २,६२४ वर्षं. म्हणजे गौतम बुद्ध जन्मायच्या आधीपासून ते झाड त्या पाण्यात उभं आहे. आणि झाड तोडलं नाही बरं का! एक पोकळ स्क्रूसारखं हत्यार असतं, ते हाताने फिरवत खोडात घालायचं आणि आतून पेन्सिलीपेक्षा बारीक लाकडाची कांडी ओढून काढायची, साधारण पाच मिलिमीटर जाडीची. झाड ती जखम भरून काढतं. कांडी लाकडी खाचेत चिकटवायची, पॉलिश पेपरने घासायची, आणि सूक्ष्मदर्शकाखाली वर्तुळं मोजत बसायचं, एक वर्तुळ म्हणजे एक वर्ष.

पण मला झोपू न देणारी गोष्ट ती नव्हती. ती अशी होती की हे झाड बारा महिने पाण्यात असूनही त्याच्या वर्तुळांत दुष्काळ दिसतो. पाऊस बरा झाला त्या वर्षी वर्तुळ रुंद, कोरडं वर्ष गेलं की बारीक. असं वाटेल की ज्याचे पायच पाण्यात त्याला पावसाचं काय पडलंय. पण त्याची बरीच मुळं वरवर असतात, आणि पाऊस आला की पाणी हलतं, नवं पाणी येतं, त्याबरोबर हवा येते, खतमाती येते. साचलेलं पाणी आणि वाहतं पाणी, झाडाच्या लेखी ह्या दोन वेगळ्या गोष्टी. ह्याच सायप्रसच्या वर्तुळांवरून १९९८ मध्ये स्टॅल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अमेरिकेत इंग्रजांची जी पहिली वसाहत गायब झाली, १५८७ ला माणसं उतरवली आणि १५९० ला जहाज परत आलं तर चिटपाखरू नाही, ती माणसं उतरली तेव्हा तिथे आठशे वर्षांतला सगळ्यात वाईट तीन वर्षांचा कोरडा काळ चालू होता. पुढे १६०७ ला जेम्सटाऊन वसवलं तेव्हाही तेच, १६०६ ते १६१२ सलग सात वर्षं कोरडी. त्यांच्याबद्दल शेकडो वर्षं म्हणत होते की आळशी होती, नियोजन नव्हतं. वाचून मला आपल्याकडची माणसं आठवली. दुष्काळात गाव सोडून पुण्याला, मुंबईला गेलेल्यांबद्दलही लोक असंच बोलतात ना.

असो. मामाने चकती ठेवली. म्हणजे ठेवली असं तो म्हणतो. गावातल्या ज्याने मशीनने कापली त्याने घाईघाईत तिरकी कापली, एका बाजूला चार बोटं जाड, दुसऱ्या बाजूला दोन, आणि तिरका काप म्हणजे वर्तुळं लांबट दिसतात, रुंदी मोजली तरी खोटी येते. तरी मी खूश. पोत्यात गुंडाळून एसटीने आणली, कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं.

आणि इथे मी चूक केली. ओलं लाकूड, वाळवायचं तर कुठे, तर गच्चीवर. सोलापूरच्या उन्हाळ्यात. पापड, कुरडया, सांडगे वाळतात तिथेच शेजारी ठेवली. तिसऱ्या दिवशी दुपारी खाली झोपलो होतो तर वर फाटकन आवाज आला, आईला वाटलं पत्रा उडाला. जाऊन बघतो तर चकती गाभ्यापासून सालीपर्यंत तडकलेली, भेगेत करंगळी जाईल एवढी. नंतर सुताराने सांगितलं, "ताई, बाभळीला ऊन दाखवायचं नसतंय, सावलीत, गोणपाट ओलं करून, महिने महिने." त्याचं कारणही नंतर कळलं. लाकूड वाळताना सगळीकडे सारखं आकसत नाही, वर्तुळाच्या कडेकडेने जेवढं आकसतं त्याच्या निम्मंच गाभ्याकडे आकसतं. मग मधे कुठेतरी फाटणारच. चोळी घट्ट झाली की शिवण जिथे कच्ची तिथे उसवते, तसं.

भेग पडली तर पडली. एका बाजूचा पट्टा चांगला होता, तो घासायला घेतला. ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, २२०, ४००, शेवटी ६००. रोज जेवण झाल्यावर अर्धा तास. बाभूळ म्हणजे दगड आहे हो, उगाच बैलगाडीच्या चाकाला वापरत नव्हते. खांदे भरून आले, घरभर तांबूस भुकटी, मुलगा शिंकतोय. पण ६०० नंबरवर आल्यावर ओल्या फडक्याने पुसलं आणि बाहेरचा फिका पट्टा, आतला विटकरी तांबडा गाभा आणि त्यात केसासारख्या बारीक फिकट रेषा अशा काही उठून आल्या की मी सगळ्यांना हाका मारल्या. कोणी आलं नाही, मॅच चालू होती.

मग मोजायला बसले. टाचणी आणि भिंग. पहिल्या दिशेने ४७ रेषा आल्या. दुसऱ्या दिशेने ४३. परत मोजल्या तर ४५. अकाउंट्सवाल्या बाईला दोन बाजूंचा टोटल लागत नसेल तर जेवण जात नाही.

झालं काय ते सांगते. थंडीच्या देशात झाडाचं वर्ष सोपं असतं. वसंतात भराभर वाढलं की लाकूड फिकं, उन्हाळा सरताना हळू वाढलं की गडद, हिवाळ्यात बंद. फिकं आणि गडद मिळून एक वर्ष. आपल्याकडे हिवाळ्यात कोण बंद होतंय? आपल्याकडची बरीच झाडं स्पष्ट वर्तुळं करतच नाहीत. साग मात्र करतो, कारण तो पानं गाळून चक्क सुट्टी घेतो, म्हणून आपल्याकडे सगळ्यात जास्त काम सागावर झालंय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या लोकांनी केरळातल्या सागाची ५२३ वर्षांची नोंद लावली, १४८१ पासून २००३ पर्यंतची, आणि एल निनोच्या, कमी पावसाच्या वर्षांत वर्तुळं बारीक होतात हे त्यात दिसलं. बाभळीचं तसं नाही. तिच्यात वर्षाची खूण म्हणजे गडद पट्टा नसून ती फिकट रेषा, मऊ पेशींची, आणि त्या पेशींत स्फटिकांच्या माळा असतात. वाढ थांबली की रेघ. आता वाढ थांबते कधी, तर पाणी संपलं की. म्हणजे मे महिन्यात वळीव येऊन गेला, झाड जागं झालं, मग जून अख्खा कोरडा गेला, झाड परत थांबलं, तर त्याच वर्षात दोन रेघा. आफ्रिकेत जिथे वर्षात दोनदा पावसाळा तिथल्या बाभळींना वर्षाला दोन दोन रेघा सापडल्यात. सोलापूरचा पाऊस तर विचारूच नका, जुलैत दांडी मारतो आणि सप्टेंबरात येऊन सगळं भरून देतो. आणि उलटंही होतं, फारच वाईट वर्ष असेल तर झाड खोडाच्या एका बाजूला वाढतच नाही, तिथे वर्षच गायब. म्हणून ४७ आणि ४३. दोन्ही खोटे, खरा आकडा मधे कुठेतरी.

नुसतं मोजणं म्हणजे ह्या शास्त्रात काहीच नाही, हे मला तेव्हा कळलं. खरं काम जुळवणीचं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी डग्लस नावाचा माणूस होता, ॲरिझोनात, मूळचा खगोलवाला, सूर्यावरच्या डागांचं अकरा वर्षांचं चक्र झाडांत सापडतं का हे बघायला गेला आणि आयुष्यभर लाकडातच अडकला. त्याच्या लक्षात आलं की एका भागातल्या सगळ्या झाडांत बारीक-रुंद, बारीक-बारीक-रुंद ही नक्षी सारखी येते, कारण पाऊस सगळ्यांना एकच. मग एका झाडाची नक्षी दुसऱ्याशेजारी ठेवून सरकवत न्यायची, जुळली की कुठे वर्ष गाळलं, कुठे एकाचे दोन मोजले, सगळं उघडं पडतं. मला हे पटकन कळलं कारण आमच्याकडे रोज तेच चालतं. एका लॉटमधल्या दोन टॉवेलची किनार शेजारी ठेवली की कुठल्यात एक दोरा कमी पडलाय ते नजरेला टोचतं, एकट्या टॉवेलकडे बघून कितीही वेळ कळत नाही. माझ्याकडे टॉवेल एकच. तोही फाटका.

तरी सालीकडून आत मोजत गेले, कारण शेवटचं वर्ष पक्कं माहिती होतं. आणि दोन जागा दिसल्या. एक अगदी सालीखाली, तीन रेघा इतक्या चिकटून की तांदळाच्या दाण्याच्या जाडीत तिन्ही बसाव्यात. दुसरी त्याच्या थोडी आत, तशीच दाटी, तीन-चार वर्षांची. आतली दाटी मोजून साधारण २०१४ ते २०१६ च्या आसपास येत होती. ते तर कोण विसरेल! २०१५ ला पालिकेचं पाणी किती दिवसांनी यायचं आठवतंय का, पिंप भरायला रात्री दोनला उठायचो. उजनी धरण मायनसमध्ये. उजनीत ६३ टीएमसी तर मृतसाठाच आहे, पाणी त्या रेषेखाली गेलं की पेपरात मायनस अमुक टक्के असं यायचं, मुलगा विचारायचा पाणी मायनस कसं असतं. तर ती दाटी दुष्काळाची, मी खूश, विषय संपला. आणि सालीखालची पण मग दुष्काळच असणार, २०२०, २१, २२. असं वहीत लिहून टाकलं.

दिवाळीला गावाला गेले तेव्हा मामाला ऐटीत वही दाखवली. मामाने चष्मा लावून बघितली आणि म्हणाला,

"२०२० ला दुष्काळ? तू सोलापुरात ऱ्हातीस का दुबईत?"

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. २०२० च्या ऑक्टोबरात तर पूर होता! भीमेला, सीनेला, शेतातलं सोयाबीन वाहून गेलेलं, आम्हीच तर मामाकडे फोन करून करून विचारत होतो बैलं वर नेली का. मी घरात कोरोनात अडकलेली, तरी एवढं कसं विसरले.

"आन् त्या वर्षापासनं तीन वर्षं तळं आटलंच न्हाई," मामा म्हणाला. "उन्हाळ्यातबी कंबरेएवढं पाणी. बाभळीच्या बुडात कायम पाणी. म्हणून तर पडली ती. कुजलं की बूड."

तेव्हा मला तो मुळांचा गटारीसारखा वास आठवला.

घरी आल्यावर परत रात्री वाचायला बसले, ह्या वेळी दुसऱ्या बाजूने. मुळांनाही श्वास लागतो हे शाळेत शिकलोय, पण त्याचा अर्थ काय ते डोक्यात शिरलं नव्हतं. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत जवळपास दहा हजार पट हळू पसरतो. जमीन पाण्याखाली गेली की मातीत जी काही हवा असते ती जंतू आणि मुळं मिळून थोड्याच वेळात संपवतात, मग मुळं काम थांबवतात, आणि मुळं थांबली की गंमत म्हणजे झाडाला पाणीच ओढता येत नाही. पाण्यात उभं राहून तहान. आईची तुळस अशीच जाते दर पावसाळ्यात, पानं सुकल्यासारखी मलूल दिसतात म्हणून ती आणखी पाणी घालते आणि तुळस आणखी लवकर जाते. (आई हे वाचणार नाही म्हणून लिहिलं.)

बाभूळ तशी सोशिक, तमिळनाडूत तर तळ्यांच्या पोटातच मुद्दाम बाभळी लावतात. पावसाळ्यात चार महिने पाणी, मग आटतं, मग मुळं मोकळी होतात, ओल असतेच, तेव्हा ती वाढून घेते. तिचं गणित त्या आटण्यावर आहे. तेच झालं नाही तर?

आणि हे ॲमेझॉनच्या खोऱ्यात तर नियमाने होतं. तिथे नद्या दर वर्षी काही महिने जंगलात शिरतात, झाडांची खोडं कितीतरी मीटर पाण्याखाली जातात. तिथे थंडी नाही, तसा कोरडा दुष्काळही नाही, तरी झाडांत वर्तुळं आहेत, कारण पुराच्या महिन्यांत झाड थांबतं, पानं टाकतं, आणि रेघ पडते. म्हणजे तिथलं वर्तुळ पुराने आखलेलं. पूर उशिरा ओसरला तर वाढायला दिवस कमी, वर्तुळ बारीक. कॅनडात रेड रिव्हर नावाची नदी आहे, तिच्या काठच्या ओकच्या लाकडात १८२६ च्या महापुराची खूण सापडली, त्या वर्षीच्या वर्तुळातल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या नेहमीपेक्षा बारीक. वर्तुळाची रुंदी बघून नाही, नळ्यांचा आकार बघून पूर ओळखला. मी लगेच भिंग घेऊन सालीखालच्या तीन रेघा बघितल्या, मग आतल्या दुष्काळातल्या. दोन्हीकडे बारीक बारीक टाचणीने टोचल्यासारखी भोकं. शंभर रुपयांच्या भिंगातून दुष्काळ आणि पूर एकसारखेच दिसतात.

मग मला त्या सायप्रसवाल्यांचं काम किती अवघड असेल ते कळायला लागलं. दलदलीतलं झाड म्हणजे दोन्ही बाजूंनी मार खाणारं. कोरड्या माळावरच्या झाडाचं सोपं, बारीक म्हणजे पाऊस कमी. इथे बारीक दिसलं की विचारायचं, कमी झालं म्हणून का जास्त झालं म्हणून. त्यासाठी मग पाणीपातळीच्या नोंदी, पावसाच्या नोंदी, एकाच जागेची डझनावारी झाडं, आणि जवळच उंचावरची कोरड्यातली झाडं पण. समुद्रकाठच्या खारफुटीत आणखीनच गोंधळ, आपल्या कोकणातलं तिवर आहे ना, ते तर एकामागोमाग एक वाढीचे नवेच थर तयार करत जातं, त्याची वर्तुळं वर्षाची नसतातच, मोजाल तर फसाल. आशियाभरची शेकडो ठिकाणची झाडं जुळवून २०१० मध्ये एडवर्ड कुक आणि बाकीच्यांनी मान्सूनच्या दुष्काळांचा सातशे वर्षांचा नकाशाच केला, त्यात १८७६ ते ७८ चा दुष्काळ ठळक दिसतो, ज्यात आपला जिल्हा होरपळला. तो सातशे वर्षांचा नकाशा एका बाजूला, आणि तीन वर्षांपूर्वीचा पूर विसरलेली मी एका बाजूला.

वहीतलं "दुष्काळ" खोडलं. पण खोडून "पूर" लिहायला पण हात होईना. एक झाड, एक बाजू, एक मामा. आजी असती तर तिला विचारलं असतं, तिला तळ्याचं प्रत्येक वर्ष पाठ होतं, कुठल्या साली सांडव्यावरून पाणी गेलं आणि कुठल्या साली तळाच्या चिखलात म्हशी बसल्या, सगळं लेकरांच्या जन्मावरून आणि लग्नांवरून. मामा त्यातलं थोडंफार सांगतो. "माझ्या लग्नात, ८९ ला, ह्याच बाभळीला व्हराडाची बैलं बांधली हुती." मग मी ८९ च्या जागी टाचणी टोचली, म्हणजे माझ्या मोजणीप्रमाणे ८९, दोन-तीन वर्षं इकडेतिकडे. खोडाची जाडी तिथे मनगटापेक्षा थोडी जास्त. बैल बांधण्याएवढी होती म्हणायची.

आता मला माळावरची बाभूळ पाहिजे होती. तळ्याच्या वर, बांधापलीकडे, जिथे कधीच पाणी साचत नाही. ती २०२० ते २२ मध्ये रुंद असेल आणि तळ्यातली बारीक, तर मग काहीतरी बोलता येईल. पण त्यासाठी धडधाकट झाड पाडायचं? मामाला सांगितलं असतं तर पाडलं पण असतं त्याने, भाचीसाठी, पण मी काही बोलले नाही.

गेल्या महिन्यात त्याचाच फोन आला. माळावर विजेची नवी लाईन ओढताना मधे येणाऱ्या दोन बाभळी काढल्या. "चकती काढून ठिवलीय. ह्या वेळी उभा राहून कापून घेतली, सरळ हाय, गुण्या लावून बघ. गोठ्यात ठिवलीय, गोणपाटात, रोज पाणी शिंपडतो." मग थोडं थांबून म्हणाला, "शेळीनं एका बाजूची साल खाल्ली थोडी. चालंल का?"

साल म्हणजे शेवटचं वर्ष तिथूनच मोजायचं असतं. म्हटलं दुसऱ्या बाजूची आहे ना, मग चालेल, पण शेळीला लांब बांधा.